पन्नीची घडी : चौथीच्या वर्गातला एक छोटा पाठ



बिरसी म्हटलं की बाहेरच्या माणसाला विमानतळ आठवतो. पण आमच्या गावात विमानापेक्षा जास्त उडते ती पन्नी! बाजारातून घरी, घरातून उकिरड्यावर, तिथून वाऱ्याने धानाच्या बांधीत. म्हणून कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना प्लास्टिक पिशवीची घडी घालायला शिकवतो.

या पाठामागे माझीच एक चूक आहे. एकदा उरलेला भात पन्नीत भरला, वर गच्च गाठ मारली आणि उकिरड्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारलं, “सर, गाईले गाठ सोडता येते का?” त्याने शेजारची गाय ती पन्नी भातासकट खाताना पाहिली होती. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. गाईला भाताचा वास येतो, गाठ काही सोडता येत नाही, म्हणून ती पिशवीच गिळते. प्लास्टिक पचत नाही. ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात साचत जातं, जनावराचं खाणं कमी होतं, पोट फुगतं. कधी कधी ऑपरेशन करून गोळा काढावा लागतो, नाहीतर जनावर दगावतं. पोळ्याला आपण ज्यांची पूजा करतो, त्यांनाच वर्षभर हे खाऊ घालतो.

बंदी आहे, मग घडी कशाला?

हा प्रश्न पालक विचारतातच. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने हातात धरायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. तरी प्रत्येक स्वयंपाकघरात खिळ्याला एक फुगलेली पन्नी लटकलेली असते आणि तिच्या पोटात आणखी पन्न्या. किती, ते कोणालाच माहीत नसतं. घडी घातली की त्या मोजता येतात. माझ्या घरी मोजल्या तेव्हा ६३ निघाल्या! बाजारात जाताना मी कापडी पिशवी विसरतो, हे मला तेव्हा कळलं.

साहित्य : घरातल्या जुन्या पन्न्या, ओलं फडकं, दोन रिकामे डबे, वही-पेन.

कृती :

१. पिशवी आतून पुसून घ्या. दोरीवर उलटी टांगून पूर्ण वाळवा. ओली ठेवली तर वास सुटतो.

२. पाटावर पसरवा. दोन्ही कान जुळवा. तळाकडून तोंडाकडे तळहात फिरवा, म्हणजे आतली हवा तोंडातून निघून जाते. उलटा हात फिरवला तर हवा आतच अडकते आणि घडी फुगते.

३. उभी एक घडी घाला, मग पुन्हा एक. चार बोटं रुंद पट्टी तयार होते.

४. तळाचा एक कोपरा उचलून समोरच्या कडेला लावा. त्रिकोण झाला. तोच त्रिकोण वरच्या बाजूला उलटवत न्या.

५. कानांचं उरलेलं टोक खाचेत खोचा. झाला समोसा!

पोरांना हा शब्द फार आवडतो. गाठ मात्र कुठेच मारायची नाही.

गणिताशी जोड : सपाट पिशवीचे पदर २. एका घडीने ४, दुसऱ्या घडीने ८. समोशात काटकोन शोधायला सांगा. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. १,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. मग ५० मायक्रॉनचे किती पदर एकावर एक ठेवले की १ मिलिमीटर होईल? उत्तर २०. पट्टीवरचा एक बारीक भाग दाखवून हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात.

एक गोष्ट : आजची पिशवी स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी १९६० च्या दशकात तयार केली. कागदी पिशव्यांसाठी झाडं तुटू नयेत, हा त्यांचा हेतू होता. ते स्वतः घडी घातलेली पिशवी खिशात ठेवून पुन्हा पुन्हा वापरायचे, असं त्यांच्या मुलाने सांगितलं आहे. म्हणजे पन्नी फेकायला बनलीच नव्हती. फेकायची सवय आपली.

साठवताना काळजी : एका डब्यात मजबूत पिशव्या, दुसऱ्यात फाटक्या. फाटक्या भंगारवाल्याला किंवा सुक्या कचऱ्यात द्या. चुलीत जाळू नका, धूर विषारी असतो. डबा चुलीपासून दूर आणि लहान लेकरांच्या हाताला येणार नाही असा ठेवा. पन्नी डोक्यात घातली तर श्वास कोंडतो. गरम भाजी किंवा वरण पन्नीत भरू नका.

घरचा अभ्यास : दर शनिवारी डबा उघडा, समोसे मोजा आणि आकडा झाकणावर लिहा. चार शनिवारांनंतर आकडा वाढला असेल तर आईबाबांना विचारा, कापडी पिशवी कुठे आहे?

डबा भरलेला असणं ही या पाठाची शाबासकी नाही. नवीन पन्नी आली नाही म्हणून आकडा तिथेच थांबला, तर पाठ जमला. आणि उरलं-सुरलं अन्न गाईला द्यायचं असेल तर टोपल्यात द्या. तिला गाठ सोडता येत नाही, आपल्याला येते.