खसखशीहून लहान

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. काही पेशींपासून रक्त, हाड, मांस असे काहीही घडू शकते. त्यांना मूळपेशी म्हणतात.

१९९८ साली अमेरिकेत थॉमसन यांनी त्या मानवी गर्भातून काढल्या. गर्भ काचपात्रातला, पाच-सहा दिवसांचा, खसखशीच्या दाण्याहून लहान. पण पेशी काढल्या की तो मरतो.

कॅथलिक धर्मगुरू म्हणाले, गर्भ झाला तेव्हाच माणूस झाला. त्याला मारणे पाप. ज्यू पंडितांपैकी पुष्कळ म्हणाले, या पेशींनी रोगी वाचणार असेल तर तोही धर्मच. मला विचाराल तर, दोघांनाही कळवळा जिवाचाच. पण कोणत्या जिवाचा?

२००७ साली जपानात यामानाका यांनी माणसाच्या कातडीपासून तशा पेशी केल्या. गर्भ मोडावा लागला नाही. गर्भातल्या पेशींवरचे काम मात्र अजून चालूच आहे.