गळणारी काच आणि तक्रारपत्र

उपयोजित लेखनात तक्रारपत्र आलं की तुमच्यापैकी निम्मे जण लिहितात, 'आपली सेवा अत्यंत निकृष्ट आहे, तरी योग्य ती कार्यवाही करावी.' असं पत्र मीही एकदा लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

झालं असं. जूनमध्ये खंबाटकी घाटाजवळ ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि गाडीच्या समोरच्या काचेला तडा गेला. गॅरेजमध्ये दोन तासांत नवी काच बसली. चौथ्या दिवशी जोराचा पाऊस झाला, तर डाव्या सीटपुढची मॅट ओलीचिंब! मालक म्हणाले, "सर, पावसाळ्यात थोडंफार येतंच."

येत नाही. ही काच नुसती रबरात अडकवलेली नसते, ती पॉलियुरेथेनच्या चिकट पदार्थाने गाडीच्या पत्र्याला चिकटवतात. जुना थर खरवडताना पत्रा उघडा पडला तर आधी प्रायमर लावायचा, नाहीतर तिथे गंज धरतो. नवा थर सलग हवा. मध्ये खंड पडला की पाणी शिरलंच. तो घट्ट होईपर्यंत गाडी हलवायची नाही. मला तर लगेच किल्ली दिली होती! गाडी उलटली तर छताला या काचेचा आधार असतो, आणि बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग फुगताना काचेवरच टेकते. माझ्या गाडीत तिथे आई बसते. हे कळल्यावर मी दुसरं पत्र लिहायला बसलो.

त्याआधी घरीच तपासणी केली. मुलगा बॅटरी घेऊन आत बसला, मी बाहेरून काचेवर पाइपने हळूहळू पाणी सोडलं, खालून वर. डाव्या वरच्या कोपऱ्यातून धार आली. तिचा फोटो काढला. मग लिहिलं :

'मा. व्यवस्थापक यांस, दि. १२ जून रोजी आपल्याकडे समोरची काच बदलली (बिलाची प्रत सोबत). डाव्या वरच्या कोपऱ्यातून पाणी आत येते, फोटो जोडला आहे. काच काढून, पत्रा तपासून, विनामूल्य पुन्हा बसवावी. सात दिवसांत तारीख कळवावी.'

'निकृष्ट'सारखं एकही विशेषण नाही, बघा. चौथ्या दिवशी फोन आला. काच काढली तेव्हा त्या कोपऱ्यात तीन बोटं जागा कोरडीच होती. मिस्त्री बिचारा ओशाळला. या वेळी गाडी रात्रभर तिथेच ठेवली.

उत्तर आलंच नसतं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण बिल हवं! जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

स्वाध्याय : शिंप्याने शाळेच्या गणवेशाची बाही तोकडी शिवली आहे. 'निकृष्ट' हा शब्द न वापरता पत्र लिहा.