शेअर बाजार : पैसे टाकण्याआधी एवढं समजून घेऊ



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी 10 हजार रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "शेअर मार्केटात टाकायचेत. व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, महिन्यात दुप्पट होतात म्हणे." गटाने निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला. असा अर्ज उद्या आपल्याही गटात येईल. म्हणून या वेळचा धडा शेअर बाजाराचा.

शेअर म्हणजे काय?

शेअर म्हणजे वाटा. समजा, 50 हजारांची पिठाची चक्की घ्यायची आहे. तिचे 100 रुपयांचे 500 वाटे केले आणि तुम्ही 10 वाटे घेतले, तर तेवढ्यापुरत्या तुम्ही मालकीण. नफा झाला आणि वाटायचं ठरलं, तर त्यातला हिस्सा तुम्हाला मिळेल. त्याला लाभांश म्हणतात. चक्की जोरात चालली, तर तुमचा वाटा कुणी 120 रुपयांनाही मागेल. बंद पडली, तर 60 ला कुणी विचारणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या अशाच वाट्यांची खरेदी-विक्री जिथे होते, तो शेअर बाजार. मुंबईचा बीएसई 1875 पासून आहे. दुसरा मोठा बाजार एनएसई. या सगळ्यावर देखरेख करते ती सरकारी संस्था सेबी.

बँकेच्या ठेवीवर व्याज ठरलेलं असतं. शेअरमध्ये काहीच ठरलेलं नसतं, मुद्दलसुद्धा नाही.

व्यवहार कसा होतो?

- पॅन, आधार आणि स्वतःचं बँक खातं लागतं. सेबीकडे नोंदणी असलेल्या ब्रोकरकडे ट्रेडिंग खातं आणि डिमॅट खातं उघडावं लागतं. डिमॅट म्हणजे शेअर ठेवायचं खातं. वारसदाराचं नाव तेव्हाच लावा.
- बाजार सोमवार ते शुक्रवार, सकाळी 9.15 ते दुपारी 3.30 चालतो. सुट्टीच्या दिवशी बंद.
- सोयाबीन विकताना आपण कधी "मिळेल तो भाव" म्हणतो, कधी "इतक्याच्या खाली देणार नाही" म्हणतो. इथेही तसंच आहे. पहिल्याला मार्केट ऑर्डर म्हणतात, दुसऱ्याला लिमिट ऑर्डर. नवख्या बाईने लिमिट ऑर्डरच वापरावी.
- आज घेतलेले शेअर बाजाराच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी डिमॅटमध्ये जमा होतात.
- दलाली, कर आणि डिमॅटचं शुल्क वेगळं लागतं. आधी विचारून घ्या.

गुंतवणूक वेगळी, रोजची उलाढाल वेगळी

चांगली कंपनी बघून काही वर्षं शेअर ठेवणं ही गुंतवणूक. सकाळी घेऊन दुपारी विकणं, किंवा फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणं, हा जोखमीचा खेळ. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर 100 व्यक्तींपैकी 93 जणांना तोटा झाला होता. आपण त्या वाटेला जायचंच नाही.

कर्ज काढून शेअर? हिशोब मांडू

10 हजारांचं कर्ज, महिना शेकडा 2 रुपये व्याज. वर्षभर मुद्दल फेडलं नाही, तर व्याज 2,400 रुपये. म्हणजे शेअर 24 टक्के वाढला, तरी हाती शून्य. आणि शेअर 20 टक्के पडला, तर हातात 8 हजार आणि देणं 12,400. हे 4,400 रुपये कुठून आणणार? शिवाय त्याच दिवशी दुसऱ्या ताईला बियाण्याला पैसे हवे असतील, तर गटाच्या पेटीत नसतील.

फसवणूक ओळखा

दुप्पट करून देतो, हमखास नफा, असं म्हणायची परवानगी कुठल्याच ब्रोकरला किंवा सल्लागाराला नाही. जो म्हणतो, तो फसवणारा समजा. खोट्या ॲपवर नफ्याचा आकडा वाढताना दिसतो. पैसे काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा" म्हणून आणखी मागतात. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे टाकू नका. ओटीपी, पासवर्ड, पिन कुणीही मागो, नातेवाईक मागो, द्यायचा नाही. फसलात, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आपले नियम

1. गटाची बचत, अंतर्गत कर्ज किंवा बँकेचं कर्ज शेअरमध्ये नाही.
2. आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज आणि विमा. मग उरलेल्यातून थोडे.
3. सगळे पैसे एकाच कंपनीत नाहीत.
4. खातं आपल्या नावावर, मोबाईल नंबरही आपलाच. व्यवहाराचा मेसेज आपल्याला आला पाहिजे.

त्या ताईंनी पुढच्या बैठकीत हाच हिशोब वहीत मांडून पाहिला आणि अर्ज मागे घेतला. ग्रुपवर पाठवायला काढलेले घरचे 2 हजारही वाचले.

बैठकीत चर्चा करा : आपल्या गावात अशा ग्रुपमध्ये कुणी पैसे टाकले आहेत का? त्यांच्याशी कोण बोलेल? नाव ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.