नवरीचा मेकअप टिकवायचाय? मग आधी हळद नीट उतरवा

"ताई, महागडं फाउंडेशन वापरूनही दोन तासांत चेहऱ्यावर चिरा का पडतात?" हा प्रश्न वर्गात दर वेळी येतोच.

माझंही हे झालंय. सुरुवातीचे दिवस, मे महिना, दुपारचा मुहूर्त आणि कार्यालयात नुसते पंखे. आता नातेपुत्याचं मेमधलं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको! अक्षता पडेपर्यंत नवरीच्या नाकाशेजारचा बेस फाटला होता. तिची आई काही बोलली नाही, पण धाकटीच्या लग्नाची ऑर्डर दुसरीकडे गेली. बीबीएला 'ग्राहक टिकवणे' यावर पानंच्या पानं लिहिली होती. अर्थ त्या दिवशी कळला.

चूक फाउंडेशनची नव्हती, त्याच्या आधीची होती. एक तर हळद. आदल्या दिवशी हळद लागते आणि आपण त्याच पिवळ्या चेहऱ्यावर शेड जुळवत बसतो. शेड हळदीच्या आधी, ट्रायललाच ठरवा. जबड्याच्या कडेला लावून, दिवसाच्या उजेडात बघा. हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला सुटतो. म्हणून रात्री खोबरेल तेलाचे चार थेंब हलक्या हाताने चोळा, ओल्या कापसाने पुसा, मग सौम्य फेसवॉश. घासू नका, लाली येते. थ्रेडिंग, ब्लीच चार-पाच दिवस आधीच उरका.

दुसरी चूक म्हणजे घाई. तेलकट त्वचा म्हणून मॉइश्चरायझर टाळू नका, जेलवालं लावा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. (तेवढ्या वेळात केस घ्या. नुसतं बसून राहिलात तर करवल्या घाई करतात.) मग प्रायमर, टी-झोनला पातळ. प्रायमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याचं असेल तर बऱ्याचदा बोटाखाली गोळ्या होतात. दोन्ही एकाच जातीचं घ्या.

आता डाग. डोळ्यांखालचं काळं आणि वांग झाकायला आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर नारिंगी करेक्टर, लाल पुटकुळीला हिरवा. अगदी ठिपक्याएवढा! थेट गोरा कन्सीलर थापला की काळं राखाडी दिसतं. करेक्टरवर फाउंडेशन थोपटा, आणि तरीही डाग दिसला तर तेवढ्याच जागी कन्सीलर. शेवटी पावडर घासायची नाही, पफने दाबायची. थर जितका जाड तितका लवकर फाटतो. म्हणजे माल कमी लागतो आणि काम जास्त टिकतं, हा हिशोब लक्षात ठेवा.

नवीन माल लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा लावायचाच नाही. ट्रायलच्या आदल्या दिवशी कानामागे थोडा लावून 24 तास बघा. ट्रायलचे पैसे घ्या, लाजू नका. ऑर्डर पक्की झाली की बिलातून वजा करा. फुकट ट्रायल घेऊन गायब होणारी गिऱ्हाइकं मी खूप बघितलीत.

मुंडावळ्यांची दोरी जिथे टेकते तिथे बेस अगदी पातळ ठेवा आणि पावडर थोडी जास्त दाबा. निघताना एका करवलीच्या हातात टिश्यू आणि पावडर द्या. तिला दाखवून ठेवा: आधी घाम टिपायचा, मगच पावडर. घामावर पावडर गेली की पिठलं होतं.