उतरलेली चेन
(तरुण संघ व शब्बाथ शाळेच्या वरच्या वर्गांसाठी पाठ)

सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत आपली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. बहुतेक खानदेशातून लूमच्या कामासाठी आलेली. त्यांच्यापैकी कित्येक जण आजही सायकलनेच पाळीवर जातात, व मुले सायकलने शाळा गाठतात. वाटेत चेन उतरणे ही वरवर क्षुल्लक बाब आहे. परंतु बारा तासांची पाळी करून रात्री परतणारा मनुष्य, मागून येणारा ट्रक आणि दात्यांत सापडलेले बोट डोळ्यांपुढे आणले, म्हणजे ती क्षुल्लक राहत नाही. म्हणून ह्या पाठात आपण तिचा क्रमाने विचार करू.

१. चेनचे काम
सायकलच्या चेनचा कापडधंद्याशी जुना संबंध आहे. हान्स रेनॉल्ड ह्या मूळच्या स्विस कारागिराने १८७९ साली इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ सॅलफर्ड येथे, कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनविणारा एक लहान कारखाना विकत घेतला. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, त्याने रोलर असलेली चेन काढली. आपल्या सायकलला आजही त्याच जातीची चेन असते. पुढे १८८५ साली जॉन स्टार्ली ह्याची चेनवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल आली, आणि सायकलला आजचे रूप मिळाले.

पुढच्या चक्राला ४४ व मागच्याला १८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. म्हणजे हाताने पायडल थोडे पुढे फिरवले तरी चाक वेगाने फिरते. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

२. उतरताच काय करावे
पायडल एकाएकी हलके झाले, पाय नुसताच फिरू लागला, की चेन उतरली असे समजावे. सुरत सपाट शहर आहे. चढ लागतो तो उड्डाणपुलांचा आणि तापीवरच्या पुलांचा. तेथे आपण सीटवरून उठून जोर लावतो. अशा वेळी चेन सुटली तर पाय घसरून मनुष्य पडतो. म्हणून लगेच सीटवर बसावे आणि पायडल मारणे थांबवावे. जोर लावत राहिल्यास चेन चक्र व चौकट ह्यांच्यामध्ये घट्ट अडकते. साध्या सायकलचे हातातले ब्रेक चेनवर अवलंबून नसतात. तेव्हा न घाबरता ब्रेक लावावा, डाव्या कडेला यावे आणि सायकल रस्त्याखाली घ्यावी. पुलावर असल्यास ती ढकलत खाली न्यावी व तेथेच काम करावे.

३. चढविण्याची रीत
प्रथम चेन तुटली नाही ना, हे पाहावे. तुटली असल्यास सायकल ढकलत दुकानात नेण्यावाचून उपाय नाही. नुसती उतरली असल्यास सायकल स्टँडवर लावून पुढीलप्रमाणे करावे.

(अ) हातात चिंधी घ्यावी. सुरतेत चिंधीला तोटा नाही. एक तुकडा सीटखाली कायम खोचून ठेवावा. चिंधी नसल्यास काडी चालेल.
(आ) मागच्या फ्रीव्हीलवर चेन नीट बसली आहे की नाही हे पाहावे. नसल्यास आधी तेथे बसवावी.
(इ) मग पुढच्या चक्राच्या खालच्या बाजूच्या तीन-चार दात्यांवर चेन अडकवावी व बोटे बाजूला घ्यावीत.
(ई) आता पायडल हळूहळू उलटे फिरवावे. चेन आपोआप चढते.

उलटे का? फ्रीव्हीलमुळे पायडल उलटे फिरवताना मागचे चाक जागीच राहते. सुलटे फिरवले तर तेच चाक वेगाने फिरते, आणि बोटांना इजा होण्याचा धोका वाढतो. लहान मुलांना ही गोष्ट कारणासह सांगावी. नुसते ‘हात लावू नको’ म्हटल्याने मूल शिकत नाही.

चेन अडकून बसली असेल तर ओढू नये. मागच्या चाकाचे नट सैल करून चाक पुढे सरकवावे, म्हणजे ती मोकळी होते. गिअरची सायकल असल्यास मागचा लोंबता गिअर हाताने पुढे दाबावा. चेन सैल पडते व सहज बसते.

४. उतरली का?
येथे पुष्कळ जण चुकतात. चेन चढली, हात पुसले, निघाले. आणि पुढच्या गतिरोधकावर ती पुन्हा उतरते. चेन चढविणे हे अर्धेच काम आहे. घरी पोहोचल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, ढिलाई. दोन चक्रांच्या मधोमध चेन वरखाली हलवून पाहावी. हालचाल सुमारे अर्धा इंच असावी. अधिक असल्यास नट सैल करून चाक मागे ओढावे, ते मधोमध आहे असे पाहून नट घट्ट आवळावेत. चाक सरकल्याने ब्रेकचे रबर जागचे हलते, म्हणून ब्रेकही तपासावा.

दुसरी, झीज. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ इंच व वर एक सूत भरू लागल्या, की चेन बदलावी. दाते टोकदार झाले असतील तर चक्रही बदलावे.

तिसरी, मळ व गंज. पावसाळ्यातला चिखल आणि डुमसच्या किनाऱ्याची खारी वाळू चेनला खाते. सहलीहून आल्यावर ती पुसावी, थेंब थेंब तेल द्यावे व वरचे तेल पुसून काढावे. ओल्या तेलावर धूळ बसते.

५. शिक्षकांसाठी
हा पाठ फळ्यावर शिकवू नये. अंगणात एक सायकल आणावी, चेन मुद्दाम उतरवावी, आणि प्रत्येकाला, मुलींनाही, स्वतः चढवू द्यावी. शिक्षकाने जवळ उभे राहावे, पण हात पुढे करू नये. रात्री एकट्याने घरी येणाऱ्याला ही एकदा केलेली कृतीच आठवेल.

प्रश्न
१. चेन उतरताच जोर का लावू नये?
२. पायडल उलटे फिरविण्याचे कारण काय?
३. तुमच्या घरच्या सायकलची चेन किती हलते? मोजून पुढच्या वेळी सांगा.