डॉक्टर जॅक काइल

रग्बीचा खेळ तुमच्यांपैकीं बहुतेकांनीं पाहिला नसेल. चेंडू अंडाकृति, आणि प्रत्येक बाजूस १५ गडी. चेंडू हातांत घेऊन धावतां येतें, परंतु हातानें तो पुढें फेंकावयाचा नाहीं. मागें किंवा आडवाच द्यावयाचा, हा ह्या खेळांतील मुख्य नियम. धिप्पाड गडी घोळक्यांत रेटारेटी करून चेंडू मिळवितात व तो फ्लाय-हाफ नांवाच्या गड्याकडे येतो. स्वतः पळावें, लाथेनें चेंडू उडवावा, कीं सोबत्यास द्यावा, हें त्यानें क्षणार्धांत ठरवावयाचें असतें. ह्या जागीं नांव मिळविलेल्या जॅक काइल ह्यांचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

काइल ह्यांचा जन्म १० फेब्रुवारी १९२६ रोजीं बेलफास्ट येथें झाला. तेथील क्वीन्स विद्यापीठांत वैद्यक शिकत असतांनाच १९४७ सालीं ते आयर्लंडच्या संघांत आले. आयर्लंडची १९२१ सालीं फाळणी झाली होती. रग्बीचा संघ मात्र दोन्ही भागांचा मिळून एकच राहिला, आणि उत्तरेचे काइल दक्षिणेच्या गड्यांच्या खांद्यास खांदा लावून खेळले. ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कोणत्याही विजयाइतकीच मोलाची वाटते. १९४८ सालीं फ्रान्स, इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांना हरविल्यावर, १३ मार्च रोजीं बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर वेल्सचा ६-३ असा पराभव करून आयर्लंडनें चारही सामने प्रथमच जिंकले. काइल तेव्हां अवघे २२ वर्षांचे होते.

१९५० सालीं ब्रिटिश बेटांच्या निवडक संघांतून न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथें जाण्याचा प्रसंग आला. बोटीचा प्रवास धरून कित्येक महिने जावयाचे, आणि डॉक्टरीची शेवटची परीक्षा तर अजून व्हावयाची! सामन्याच्या आदल्या दिवसापासून पुस्तक मिटून बसणारे आमचे कांहीं विद्यार्थी, व त्याबद्दल आमच्याकडे गाऱ्हाणें घेऊन येणारे पालक, ह्या उभयतांनीं येथें क्षणभर थांबावें. काइल दौऱ्यावर गेले, सहाही कसोटी सामने खेळले, आणि १९५१ सालीं पदवी घेऊन डॉक्टर झाले. खेळाबद्दल त्यांस वेतन मिळत नसे. त्या रग्बींत १९९५ पर्यंत तसा नियमच होता.

१९५८ पर्यंत ते आयर्लंडकरितां ४६ सामने खेळले. हा त्या वेळचा जागतिक उच्चांक होय. पुढें कांहीं काळ त्यांनीं सुमात्रा बेटावर वैद्यकी केली, व १९६६ सालीं आफ्रिकेंतील झांबिया देशांत, चिंगोला नांवाच्या तांब्याच्या खाणींच्या गांवीं, ते शस्त्रवैद्य म्हणून गेले. तेथें ते ३४ वर्षें राहिले! मैदानावरील कारकीर्द ११ वर्षांची, रुग्णालयांतील ही तिच्या तिपटीहून अधिक.

२००० सालीं ते मायदेशीं परतले. स्पर्धेंतील सर्व सामने जिंकण्याचा योग आयर्लंडला पुनः येण्यास ६१ वर्षें लागलीं. २००९ सालीं कार्डिफ येथें तो सामना पाहावयास ८३ वर्षांचे काइल जातीनें हजर होते. २८ नोव्हेंबर २०१४ रोजीं त्यांचें निधन झालें.