एका गाडीत तीन नकाशे



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक २.

या श्लोकात अर्जुन चक्क तक्रार करतोय. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची थोरवी सांगितली, वर युद्धही कर म्हणाले. अर्जुन म्हणतो, तुझ्या अशा मिसळलेल्या बोलण्यानं माझी बुद्धी गोंधळते आहे. ज्यानं माझं श्रेय होईल, असं एकच काहीतरी नक्की करून सांग.

हा श्लोक मी बरेचदा वाचला होता. तो कळला मात्र कापूरहोळच्या चौकात, स्टिअरिंगवर हात असताना.

आईला कित्येक वर्षांपासून शिवथरघळीला जायचं होतं. समर्थांनी दासबोध जिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, असं परंपरा मानते, ती महाडजवळची घळ. आई रोज एक समास वाचते. एक समास तरी तिथे बसून वाचायचा, एवढीच तिची इच्छा. ऐन पावसाळ्यात, धबधबा भरात असताना, आम्ही पुण्याहून निघालो. गाडी मी चालवत होते, दादा शेजारी, आई मागे पोथी मांडीवर घेऊन.

माझ्या फोनवरचं ॲप म्हणत होतं, कापूरहोळला उजवीकडे वळा, भोरवरून वरंध घाटानं उतरा. गाडीच्या स्क्रीनवरचा नकाशा म्हणत होता, सरळ जा, वाई-महाबळेश्वर-पोलादपूरमार्गे. दादाच्या फोनचं म्हणणं, मागे फिरा, ताम्हिणी घाटानं माणगाव गाठा. तिघांचेही आवाज चालू. "अगं, मी सांगतोय ना, ताम्हिणीच बरा," दादा म्हणाला. "तू आधी तुझा फोन बंद कर," मी म्हणाले. भांडत भांडतच मी उजवीकडे वळले, कारण माझ्या फोनवर वेळ सगळ्यात कमी दिसत होती.

भोर मागे पडलं. धरणाच्या कडेकडेनं जाताना नेटवर्क गेलं. पुढे रस्त्यात आडवे बॅरिकेड. दरडीच्या भीतीनं घाट बंद. शेजारच्या टपरीवाल्या काकांनी शांतपणे विचारलं, "ताई, भोरमध्ये फलक लावलाय की, बघितला नाही का?"

नव्हता बघितला. तेव्हा आम्ही दोघं स्क्रीनकडे बघून वाद घालत होतो. दुसऱ्या रस्त्यानं वळसा घालून जायला आईची कंबर साथ देणार नव्हती. परत फिरलो. आई एक शब्द बोलली नाही. पोथी तेवढी तिनं पुन्हा कापडात गुंडाळून ठेवली. ते गुंडाळणं मला अजून दिसतं.

त्यानंतर मी जरा अभ्यास केला. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. आपला फोन त्यातल्या किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते ठरवतो. उपग्रह इतकंच काम करतात. रस्ता कुठला, तो उघडा की बंद, याची त्यांना काही कल्पना नसते. रस्ता निवडतो तो नकाशा आणि त्यामागचा हिशोब. म्हणून तिन्ही नकाशांत आमची जागा तंतोतंत एकच होती, आणि सल्ले मात्र तीन!

मग एकच नकाशा निवडायचा ठरवलं. निवडताना हे चार प्रश्न विचारले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला, नेटवर्क गेल्यावर तो काय करतो? निघायच्या आधी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवता आला पाहिजे. मात्र ऑफलाइन असताना ताज्या वाहतुकीची, बंद रस्त्यांची खबर मिळत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

दुसरा, तो ताजा आहे का? गाडीत बसवून आलेला नकाशा नेटवर्कशिवाय छान चालतो, स्क्रीनही मोठा असतो. पण अपडेट केला नाही तर नवा पूल, नवा बाह्यवळण रस्ता त्याला ठाऊकच नसतो.

तिसरा, मान न वळवता त्याचं ऐकता येतं का? वळणाच्या पुरेसं आधी, स्पष्ट सांगणारा आवाज हवा. फोन हातात नको, स्टँडवर हवा. पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकायचा.

चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो 'चांगला रस्ता' कशाला म्हणतो? आपण काही बदललं नाही तर ही ॲप्स बहुतेक वेळा कमी मिनिटांचा रस्ता पुढे करतात. चार मिनिटं वाचवायला अरुंद, खचलेल्या रस्त्यावरही नेतात. आई मागे बसली आहे, हे त्यांच्या हिशोबात नसतं. ते आपणच धरायचं असतं.

आता पुन्हा श्लोकाकडे बघा. अर्जुनानं 'लवकरचं' मागितलं नाही, 'सोपं' मागितलं नाही. त्यानं श्रेय मागितलं. कठोपनिषदात यम नचिकेताला हाच फरक सांगतो. श्रेय वेगळं, प्रेय वेगळं. दोन्ही माणसासमोर येतात, आणि निवडावं लागतं. मी कापूरहोळला प्रेय निवडलं होतं. स्क्रीनवरचा सगळ्यात छोटा आकडा!

आपल्या साधनेचंही असंच होतं ना? सकाळी एका रीलमध्ये ऐकतो, फक्त नाम घ्या. दुपारी पॉडकास्ट सांगतो, ध्यानाशिवाय काही खरं नाही. रात्री कुणीतरी म्हणतं, कर्म करा, पूजेची गरजच काय. यातलं खोटं कुणीच नसेल. ताम्हिणी, वरंध, महाबळेश्वर, तिन्ही रस्ते महाडलाच जातात. पाचव्या अध्यायात भगवंतही सांगतात की सांख्यानं जे स्थान मिळतं, तिथेच योगानंही पोचता येतं. पण गाडी एका वेळी एकाच रस्त्यावर चालते. दर चौकात रस्ता बदलणारा चौकातच राहतो.

मग निवडायचं कसं? चौथ्या अध्यायात (श्लोक ३४) ज्ञान कसं मिळवावं ते सांगितलंय: नम्रतेनं, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून आणि सेवेनं. म्हणजे प्रश्न विचारायला बंदी नाही, उलट ते सांगितलेलेच आहेत. हा मार्ग मला कुठे नेतोय? कठीण काळात, नेटवर्क नसताना, टिकेल का? हे विचारा, मग एक धरा, आणि बाकीचे आवाज म्यूट करा.

एक धरलं म्हणजे डोळे मिटले असंही नाही. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात बुद्धी सारथी आहे आणि मन लगाम. नकाशा सांगेल, पण फलक वाचायचा, ब्रेक दाबायचा तो सारथ्यानं. अठराव्या अध्यायात (श्लोक ६३) सगळं सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष भगवंत विचार करायला सांगतात, तर फोनपुढे आपण विचार का सोडावा?

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा निघालो. आदल्या दिवशी महाडच्या ओळखीच्यांना फोन करून रस्त्याची चौकशी केली. ताम्हिणीचा रस्ता ठरवला, म्हणजे दादाचाच! नकाशा एकच, माझ्या फोनवर. गाडीचा स्क्रीन बंद. दादाकडे एक सेवा दिली, रस्त्यावरचे फलक मोठ्यानं वाचायची. वेळ जास्त लागला. घळीत धबधब्याच्या आवाजात आईचा आवाज मला नीट ऐकूही येत नव्हता. पण ती वाचत होती.

आजचा अभ्यास: आठवडाभरात साधनेविषयी तुम्ही किती जणांचं ऐकलं ते कागदावर लिहा. त्यातला एकच मार्ग, वरचे प्रश्न विचारून, येत्या ४० दिवसांसाठी धरा. बाकीच्यांना मनातल्या मनात नमस्कार करा आणि आवाज बंद करा.

आणि हो, फलक वाचत चला.

श्रीकृष्णार्पणमस्तु.